पाचव्या चौकटीतलं लाल टिंब

आठवणी लिहिण्याचा मला काही अधिकार आहे असं मला वाटत नाही, आणि ते आधीच सांगून टाकलेलं बरं. आठवणी लिहिणारी माणसं वेगळी असतात. त्यांनी काहीतरी केलेलं असतं, निदान पाहिलेलं तरी असतं. मी वसईजवळ सातिवलीच्या एका गाळ्यात भरतकामाच्या मशीनसाठी डिझाइन बनवतो, आणि माझे केसही अजून पुरते पिकलेले नाहीत. तरी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचं हे एक प्रकरण लिहायला बसलो आहे, ते एवढ्याचसाठी की त्या वर्षी मी एका माणसावर चारचौघांत आळ घेतला. ज्या जागी तो घेतला, ती इंटरनेटवरची जागा आता बंद पडली आहे. दुसरी बाजू तिथेच जाऊन लिहिता आली असती तर मी इथे तोंड उघडलं नसतं. वाचणाऱ्यानं तेवढं समजून घ्यावं.

आमच्या घरात संशय घ्यायला कुणी शिकवावं लागत नसे. आई अर्नाळ्याची. सुके बोंबील विकत घेताना ती जुडीच्या वरचे कधी बघत नसे. सरळ हात खाली घालून तळातला एक काढायची, मोडायची, नाकाशी धरायची. "वरती सगले सुकेच असतात," असं म्हणायची. "पानी खाली लपवतात." बाबा कोकणातले, पण त्यांचं सगळं आयुष्य सातिवलीत गेलं. भरतकामाच्या युनिटमध्ये ते हेल्पर म्हणून लागले आणि पंचिंग मास्टरच्या खुर्चीमागे उभं राहून राहून ते काम शिकले. पंचिंग म्हणजे कापडावर कुठे, कुठल्या रंगाचा, कुठल्या दिशेनं टाका पडेल हे संगणकावर आधी ठरवून ठेवणं. त्यांचं डिझाइन मशीनला दिलं की बारा सुया एका वेळी बारा दुपट्ट्यांवर तीच वेल भरत जायच्या. पण त्याआधी एका चिंधीवर नमुना काढून बघायचाच, हा बाबांचा नेम. चिंधीवर चुकलं तर चालतं, असं ते म्हणायचे.

त्या धंद्यात डिझाइनची चोरी फार. गाळ्याच्या दाराशी सगळ्यांचे मोबाइल काढून ठेवून घेत. पेनड्राइव्ह खिशात सापडला तर माणूस त्याच दिवशी घरी. आणि तरीही आठवड्याभरात शेजारच्या वालीवच्या कुठल्यातरी दुसऱ्या गाळ्यातून तीच वेल बाहेर पडायची. म्हणून बाबा प्रत्येक डिझाइनमध्ये एक टाका मुद्दाम चुकीचा घालायचे. एखाद्या पानाच्या देठाशी, जिथे कुणाची नजर जाणार नाही अशा ठिकाणी, एक उलटा टाका. त्याला ते खूण म्हणायचे. बाजारात गेलो की बाबा गुपचूप दुपट्ट्यांचे काठ उलटून बघत राहायचे आणि आई दुकानदाराशी काहीबाही बोलत त्याला गुंतवून ठेवायची. एकदा वसईच्या बाजारात त्यांना आपला टाका सापडला तेव्हा त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, उलट खूश दिसला. "खूण सापडली की चोर सापडला," एवढंच म्हणाले आणि दुपट्टा नीट घडी घालून परत ठेवला.

मी घरातला कॉलेजात गेलेला पहिला. त्यामुळे मी तिथे नक्की काय करतो याबद्दलही घरात थोडा संशयच होता. संगणक होता तो बाबांच्या शेठनी टाकाऊ म्हणून दिलेला. ओट्याला लागून एका लोखंडी टेबलावर तो ठेवला होता. सुरू केला की पंखा इतका घरघरायचा की आई म्हणायची, "तुझी होडी सुटली बघ." संगणकाच्या पडद्याला नेहमी सुकटीच्या फोडणीचा वास. अजूनही मी सुकट खाताना माझी बोटं आपोआप माउस धरल्यासारखी वळतात. हे कुणाला सांगायची गोष्ट नव्हे, पण खरी आहे.

खेळ करायचा हे माझ्या आणि अ‍ॅल्विनच्या डोक्यात दुसऱ्या वर्षापासून होतं. अ‍ॅल्विन माझ्या वर्गातला, वसईच्या पश्चिमेकडच्या एका वाडीतला. चर्चच्या गायकवृंदात गायचा, कीबोर्ड वाजवायचा. आमचा खेळ साधा होता: एक होडी, समोर बेटावरचा किल्ला, जाळं टाकायचं, वारा फिरला की परतायचं. चित्रं चौकोनी टिंबाटिंबांची, जुन्या खेळांत असायची तशी. होडी मी काढायची, लाटांचा आणि वाऱ्याचा आवाज अ‍ॅल्विननं करायचा, आणि सगळं जोडायचं कॉलेजच्या लॅबमध्ये आधीपासून होतं त्या सॉफ्टवेअरमध्ये. मे महिन्यात मुंबईत विद्यार्थ्यांनी केलेल्या खेळांचं प्रदर्शन होतं. एक स्टुडिओ त्यातून दोघातिघांना कामावर घेणार होता. आणि बाबांनी मला सांगून ठेवलं होतं, "शेठनी तुझ्यासाठी मशीनवर जागा धरून ठेवली आहे. जूनपर्यंत. तोवर तुझं काय ते बघ." ते हे धमकीच्या सुरात म्हणाले नाहीत. त्यांना खरंच वाटत होतं की जागा धरून ठेवणं म्हणजे प्रेम. आता मलाही तसं वाटतं. तेव्हा मात्र मे महिन्यात तो खेळ पुरा होणं किंवा जूनमध्ये मशीनपुढे उभं राहणं, एवढेच दोन रस्ते मला दिसत होते.

प्रश्न होता तो चित्रं काढायची कशात. टिंबांची चित्रं म्हणजे सोपी असं लोकांना वाटतं. पण होडी डुलवायची तर तिची आठ चित्रं लागतात, आठ चौकटी, आणि प्रत्येक चौकट काढताना आधीच्या चौकटीची पुसट सावली मागे दिसावी लागते. नाहीतर होडी डुलत नाही, उड्या मारते. त्यासाठीचं चांगलं सॉफ्टवेअर विकतचं होतं आणि ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं. तेच सॉफ्टवेअर विरार स्टेशनजवळच्या मनोजदादाच्या दुकानात पेनड्राइव्हवर भरून मिळायचं. मनोजदादा आमचा संगणक दुरुस्त करायचा आणि बाबांच्या गावाकडचा होता. मी घरी ते सांगितलं तेव्हा बाबा जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला.

"म्हणजे चोरीचं."

"सगळेच वापरतात, बाबा."

"वालीवलाही सगळेच वापरतात. माझंच डिझाइन." मग पुन्हा घास उचलून म्हणाले, "माझ्या घरात नको."

तेव्हा राहिलं तिसरं. इंटरनेटवरच्या एका जागी टिंबांची चित्रं काढणारे लोक एकमेकांना प्रश्न विचारत. तिथला एक माणूस स्वतः बनवलेलं एक छोटंसं सॉफ्टवेअर फुकट देत होता, जुन्यात जुन्या संगणकावरही चालेल असं. त्याचं तिथलं नाव टर्टल. अ‍ॅल्विन त्याला कासवकाका म्हणू लागला. देश माहीत नाही, वय माहीत नाही. कुणीही काहीही विचारलं तरी हा शांतपणे, न कंटाळता उत्तर द्यायचा, आणि माझा संशय नेमका तिथूनच सुरू झाला.

"फुकट का देतो?" बाबांनी विचारलं.

"आवड म्हणून, असं त्यानं लिहिलंय."

"बाई हाय का बाप्या?" आईनं ओट्यावरून विचारलं.

"माहीत नाही, आई."

"नाव नाय, गाव नाय, बाई का बाप्या माहीत नाय, आनि आपल्याला फुकट देतंय." तिनं परातीतल्या पिठावर मूठ आपटली. "तळाशी हात घालून बघ पोरा. वरचं बघू नको."

त्या दिवशी अ‍ॅल्विन आमच्याकडे होता. तो हसायला लागला. "मावशी, तुम्ही पोलिसात पाहिजे होता."

"तुझ्या आईनं फुगे दिलेत ते ठेव आनि गप बस," आई म्हणाली. ती त्याच्यावर खूश होती. फुगे म्हणजे वसईच्या ख्रिस्ती घरांत तळतात ते मैद्याचे गोळे; संशय न घेता ती फक्त त्याच्या घरचं खायची. शेवटी तडजोड निघाली. सॉफ्टवेअर घ्यायचं, पण खरं नाव द्यायचं नाही. बाबांनी हे इतक्या गंभीरपणे सांगितलं की मला ते शहाणपणाचं वाटलं. मामाच्या होडीचं नाव जयलक्ष्मी. तेच मी तिथे घातलं. त्यासाठी एक नवीन मेलचा पत्ताही काढला, त्याच नावाचा, आणि त्याचा पासवर्ड स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे पेन्सिलनं लिहून ठेवला. अ‍ॅल्विननं मात्र सरळ आपलं नाव, आडनाव, वसई, सगळं दिलं. मी त्याला भोळा म्हटलं.

डिसेंबरात मी अर्नाळ्याला मामाकडे आठवडाभर राहिलो. किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवावर बोंबील लटकत होते, उन्हात त्यांची तोंडं उघडी. मी वहीत चौकोन आखून होडी उतरवत बसायचो. मामा जाळं शिवता शिवता डोकावायचा. "नित्या, एवढीशी? आमची होडी कॉम्प्युटरात घालून बुडवशील रे." त्याला मी आठ चौकटी दाखवल्या. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "पाचव्यात नाळ जास्त वर गेली. एवढी लाट असंल तर मी होडी काढनारच नाय." मी नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, खाली घेतली. आयुष्यात मला मिळालेली चित्रांची सगळ्यात चांगली शिकवणी तीच, असं मी आजही म्हणेन.

घरी येऊन ती होडी कासवाच्या सॉफ्टवेअरमध्ये काढली. आणि त्या पाचव्या चौकटीत, होडीच्या पोटाखाली, पाण्याच्या निळ्यात, एक लाल टिंब ठेवलं. तिथे लाल असण्याचं काही कारण नव्हतं. डुलताना ते एका क्षणापुरतं येऊन जायचं, दिसायचंही नाही. माझी खूण. बाबांना दाखवली तेव्हा ते चष्मा काढून पडद्याजवळ गेले, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. असा हात त्यांनी माझ्या निकालाच्या दिवशीही ठेवला नव्हता.

पुढे एक लहानशी गोष्ट घडली. ती मी तेव्हा गोष्ट मानलीच नाही. होडी साठवताना सॉफ्टवेअर अचानक बंद पडायचं. पुन्हा उघडलं की एक खिडकी यायची: अडचण कळवायची आहे का? मी बटण दाबलं. खिडकीत खाली इंग्रजीत बरंच काही लिहिलेलं होतं आणि एका चौकोनात बरोबरची खूण आधीच होती. तिच्यापुढे काय लिहिलं होतं ते मी वाचलं नाही. इंग्रजीचा लांब मजकूर दिसला की मी तेव्हा डोळे खाली सरकवत न्यायचो आणि बटण शोधायचो. कॉलेजच्या तीन वर्षांत मी ते कुणाला कळू दिलं नाही. दोन दिवसांनी नवीन आवृत्ती आली आणि होडी साठवली जाऊ लागली.

"दोन दिवसांत?" बाबा म्हणाले. "शेठनं मशीनवाल्या कंपनीला तक्रार केली तर माणूस यायला महिना लागतो. आणि ते पैसे घेतात."

मलाही तसंच वाटलं. चांगुलपणा इतका चटकन आला की माझं मन मागे सरकायचं. जानेवारीत आईनं नवीन कॅलेंडर लावलं आणि जुन्याची पानं सुक्या मासळीच्या डब्यांत तळाशी घातली. पासवर्ड त्यातच गेला. मला काही वाटलं नाही. त्या पत्त्यावर मला कोण लिहिणार होतं?

फेब्रुवारीतला एक रविवार. सॉफ्टवेअरची आणखी एक आवृत्ती आली होती. तिच्यासोबत नमुन्यांचं एक फोल्डर होतं, नवशिक्यांनी उघडून बघावं म्हणून. झाड, घर, मांजर, आणि एक होडी. मी ती उघडली. होडी डुलायला लागली. नाळ तेवढीच खाली, जेवढी मामानं आणायला लावली होती. मला आधी वाटलं, मी चुकून माझीच फाइल उघडली. मग एकेक चौकट पुढे नेली. पाचव्या चौकटीत, पोटाखाली, लाल टिंब.

त्या क्षणी मला राग आला असं सांगितलं तर ते खोटं होईल. मला बाबांसारखंच झालं, वसईच्या बाजारात त्यांना झालं होतं तसं. आपला संशय खरा निघाल्याचा एक आनंद असतो. तो चांगला आनंद नव्हे, पण गोड असतो.

दुपारी चर्चमधली मास आटपून अ‍ॅल्विन आला, हातात नेहमीचा फुग्यांचा डबा. मी त्याला पडदा दाखवला आणि विचारलं, "तू दिलीस का त्याला?"

त्याला आधी कळलंच नाही. "काय?"

"होडी. तू त्याला मेल लिहितोस. आवाजाबद्दल विचारतोस. बोलता बोलता दिली असशील."

"नित्या, मी का देईन?" तो डबा हातात धरून तसाच उभा राहिला. "त्यालाच विचार ना सरळ. माणूस चांगलाय यार. काहीतरी घोटाळा झाला असेल."

"तुला सगळेच चांगले वाटतात."

"आणि तुला कुणीच नाही," अ‍ॅल्विन म्हणाला. "मला पण नाव बदलूनच भेटत जा उद्यापासून." त्यानं डबा ओट्यावर ठेवला. आईनं "बस रे, चहा ठेवलाय" म्हटलं तरी तो थांबला नाही. ते फुगे आम्ही कुणी खाल्ले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते कडक झाले.

संध्याकाळी बाबांना दाखवलं. त्यांनी स्टुलावर बसून पाचवी चौकट तीनचारदा पुढेमागे केली. मला वाटलं, ते आता त्यांचं ते वाक्य म्हणतील. ते म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "नाव कुणाचं लावलंय?"

"म्हणजे?"

"माझी वेल चोरतात ते स्वतःचा शिक्का मारतात. यानं कुणाचं नाव लावलंय ते बघितलंस का?"

त्या फोल्डरमध्ये चित्रांच्या खाली एक मजकुराची फाइल होती. इंग्रजीत, लांब. मी ती उघडली नव्हती.

"बघितलं," मी म्हणालो. "त्याचंच आहे."

एवढं एक खोटं बोलून मी पुढचं सगळं केलं. त्या जागेवर, सगळ्यांना दिसेल असं, मी जयलक्ष्मीच्या नावानं लिहिलं की हा माणूस फुकटाचं आमिष दाखवून लोकांची चित्रं चोरतो, आणि माझ्याकडे पुरावा आहे. पाचव्या चौकटीचं चित्र सोबत जोडलं. मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं, पण चोर हा शब्द मी अचूक लिहिला. लोक जमले. जे कालपर्यंत त्याला प्रश्न विचारत होते त्यांतलेच काही म्हणाले, आम्हाला वाटतच होतं. माझ्यासारखे संशयी जगभर होते, हे मला त्या दिवशी कळलं आणि बरं वाटलं.

कासवाचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. तीनच वाक्यं होती. "होडी काढून टाकली आहे. मी विचारलं होतं. उत्तराची वाट पाहिली नाही ही माझी चूक." मधलं वाक्य वाचून मी मोठ्यानं हसलो. मला कुणी काही विचारलेलं नव्हतं! महिन्याभरात त्यानं तिथे उत्तरं देणं बंद केलं.

मी त्याचं सॉफ्टवेअर संगणकावरून पुसून टाकलं आणि विरारला मनोजदादाकडे गेलो. बाबांना सांगितलं नाही. मनातल्या मनात माझं असं ठरलं होतं की मनोजदादा निदान ओळखीचा आहे, त्याचं गाव ठाऊक आहे, त्याला जाऊन धरता येतं. चोरीचा माल ओळखीच्या माणसाकडून घेताना मला भीती वाटली नाही. सरळ माल अनोळखी माणसाकडून घेताना वाटली होती. हे मी आज लिहितो आहे तेव्हा सहज लिहिलं जातंय. तेव्हा हे दिसायला मला कुणीतरी हाताला धरून तळाशी न्यायला हवं होतं.

जुन्या फाइली नव्या सॉफ्टवेअरमध्ये नीट उघडल्या नाहीत. रंग आले, पण चौकटी एकमेकींवर बसून गेल्या; आठ होड्यांचा एक काळपट गोळा. मी सगळं पुन्हा काढायला घेतलं. होडी झाली, लाटा झाल्या, किल्ल्याचा तट निम्मा झाला. अ‍ॅल्विननं आवाज पाठवले, पण घरी येणं सोडलं. पाठवताना काही लिहायचाही नाही.

प्रदर्शनात आम्ही एका टेबलाच्या दोन टोकांना उभे होतो. स्टुडिओच्या बाई आल्या, शांत, केसांत पेन्सिल खोचलेल्या. त्यांनी खेळ खेळून पाहिला. होडी किल्ल्यापर्यंत नेली. किल्ल्याच्या मागे काहीच नव्हतं, नुसता करडा चौकोन. तरी त्या परत होडीकडे आल्या आणि वाकून बघत राहिल्या. "डुलणं फार छान जमलंय," त्या म्हणाल्या. "कशात काढलंत?"

एवढा साधा प्रश्न. आजूबाजूच्या टेबलांवरची पोरं आपापल्या साधनांची नावं फडाफडा सांगत होती. माझ्या ओठावर विकतच्या सॉफ्टवेअरचं नाव आलं आणि त्यामागोमाग बाबांचा खाली ठेवलेला घास आला. कासवाचं नाव मला घेता येत नव्हतं. मी अ‍ॅल्विनकडे बघितलं. तो टेबलाच्या कडेकडे बघत होता. बाई थोडा वेळ थांबल्या. "बरं," म्हणाल्या, "विसरला असाल," आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. आमची निवड झाली नाही. ती त्या न दिलेल्या उत्तरामुळे झाली नाही की किल्ल्याच्या मागच्या करड्या चौकोनामुळे, हे मी खात्रीनं सांगू शकत नाही. जूनमध्ये मी सातिवलीला रुजू झालो.

ते काही वाईट झालं नाही, हेही सांगायला हवं. दोन वर्षं मशीनवर काढून मी पंचिंगला आलो, आता बाबांच्याच खुर्चीवर बसतो. टाका आणि टिंब यांत मला फार फरक वाटत नाही. चिंधीवर नमुना आधी काढतो. फक्त खूण घालत नाही. बाबा निवृत्त झाले, ते कधीतरी विचारतात, "घातलीस?" आणि मी "हो" म्हणतो. हे माझं त्यांच्याशी बोललेलं दुसरं खोटं.

अ‍ॅल्विन माझ्या लग्नाला आला होता, त्याच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला मी गेलो होतो. त्या रविवाराबद्दल आम्ही कधी बोललो नाही. गेल्या महिन्यात एका दुपारी, मी गाळ्याच्या दाराशी मोबाइल परत घेत होतो तेव्हा त्याचा फोन आला. म्हणाला, "नित्या, कासवकाका गेले रे. वर्ष झालं."

मी मोबाइल कानाशी घट्ट धरला. मागे मशीन चालू होतं, त्यामुळे त्याला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून त्यानं ते पुन्हा सांगितलं.

ते सॉफ्टवेअर आता पाचसहा तरुण मुलं मिळून सांभाळतात. अजून फुकटच आहे. म्हाताऱ्याच्या संगणकावरची कागदपत्रं लावताना त्यांना एक फोल्डर सापडलं. त्यावर लिहिलं होतं, बाहेर द्यायचं नाही. आत एकच चित्र आणि दोन फाइली. भारतातून त्याच्याशी ज्याचा पत्रव्यवहार होता असा खऱ्या नावाचा माणूस एकटा अ‍ॅल्विन, म्हणून त्यांनी अ‍ॅल्विनला विचारलं: ही जयलक्ष्मी कोण, ती कुठे भेटेल? "मी अजून काही कळवलं नाही," अ‍ॅल्विन म्हणाला. "तुला पाठवतोय. तू वाच. पूर्ण वाच."

मी रस्त्याच्या कडेला, माल भरणाऱ्या टेंपोच्या आडोशाला उभा राहून वाचलं. इंग्रजीच होतं, लांब होतं, आणि मी एक शब्दही सोडला नाही. पहिली फाइल तीच होती, नमुन्यांच्या फोल्डरमध्ये चित्रांच्या खाली असलेली, मी न उघडलेली. तिच्यात होडीपुढे लिहिलं होतं: चित्र, जयलक्ष्मी, भारत. अडचण कळवण्याच्या खिडकीतून तिनं हे चित्र सोबत पाठवलं. ठेवू का म्हणून तिला मेलवर विचारलं आहे. तो मेल ज्या पत्त्यावर आला असेल, त्याचा पासवर्ड आईच्या मासळीच्या डब्यांत तळाशी गेला होता.

दुसरी फाइल त्यानं माझ्या आरोपानंतर लिहिलेली होती, पुढे जे कुणी हे काम बघतील त्यांच्यासाठी. ती मी जमेल तशी मराठीत उतरवतो.

"हे चित्र जयलक्ष्मीचं आहे. तिची परवानगी मिळालेली नाही, म्हणून ते कुणाला द्यायचं नाही. पण साठवण्यातला मोठा दोष याच होडीमुळे सापडला. तेव्हा प्रत्येक नवी आवृत्ती लोकांना देण्याआधी ही होडी आपल्याकडे एकदा उघडून बघावी. ती नीट डुलली तरच आवृत्ती बाहेर जाऊ द्यावी. पाचव्या चौकटीत, पाण्यात, एक लाल टिंब आहे. ती चूक नाही. तिनं ते मुद्दाम ठेवलं असावं. पुसू नये."